सायकलला शॉकअप हवा किती?



जून महिना जवळ आला म्हणजे तालुक्याच्या गावी सायकलच्या दुकानांपुढे गर्दी वाढते. गावातली शाळा सातवीपर्यंतच असते, पुढची शाळा पाच-सहा, कुठे आठ किलोमीटरवर असते. एस.टी. वेळेवर येईलच असा भरवसा नाही. मुलाला किंवा मुलीला सायकल घेऊन दिली तर शाळा चालू राहते, नाही तर दिवाळीपर्यंत हजेरी विरळ होत जाते. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना हे मी नव्याने सांगायला नको.

तर अशा वेळी दुकानात वडील एका काळ्या सायकलकडे बघत असतात आणि चिरंजीव दुसऱ्याच सायकलकडे. ती दुसरी रंगीत असते, टायर जाडजूड, हँडल सरळ आणि पुढच्या चिमट्याला दोन जाड नळ्या. काही सायकलींना सीटखाली मधोमध एक मोठी स्प्रिंगसुद्धा असते. दुकानदार सांगतो, “काका, ही डोंगरावर चालायची सायकल. पुढे शॉकअप, मागे शॉकअप. खड्डा लागलेला कळणारसुद्धा नाही.” किंमत हजार-दोन हजारांनी जास्त असते. वडील मनात हिशेब करतात, रस्ता आठवतात, आणि बहुधा पोराच्या चेहऱ्याकडे पाहून पैसे मोजतात.

या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. शॉकअप आहे हे ठीक. पण तो दबतो किती? आणि आपल्या रस्त्याला किती दबणारा हवा? आज याच प्रश्नाचा आपण थोडा विचार करू.

शॉकअप पूर्ण मोकळा असतो तेव्हापासून तो पार तळाला टेकेपर्यंत चाक जितके वर सरकते, त्या लांबीला इंग्रजीत ट्रॅव्हल म्हणतात. आपण तिला ‘चाल’ म्हणू. ही चाल मिलिमीटरमध्ये सांगतात. शंभर मिलिमीटर म्हणजे दहा सेंटिमीटर, आपल्या मापाने सुमारे पाच बोटे. दोनशे मिलिमीटर म्हणजे जवळजवळ वीतभर. जगात ज्या डोंगरी सायकली बनतात त्यांची चाल साधारणपणे या मर्यादेत असते. चढ-उतारांच्या लांब शर्यतीसाठी, ऑलिंपिकमध्ये असते तशा शर्यतीसाठी, शंभर ते एकशेवीस मिलिमीटर. रानवाटांवर हौसेने हिंडणाऱ्यांसाठी एकशेवीस ते दीडशे. अवघड कड्या-उतारांसाठी दीडशे ते एकशेऐंशी. आणि नुसते डोंगरावरून खाली सुटायचे, वर जायला गाडी किंवा पाळणा, अशा शर्यतीसाठी दोनशेच्या आसपास.

आता ही चाल हवी कशाला? क्रिकेटचा चेंडू झेलणारा पोरगा आठवा. हात ताठ ठेवून झेल घेतला तर तळवा झणझणतो. चेंडूबरोबर हात मागे नेला तर काही वाटत नाही. चेंडूचा वेग तोच, पण तो थांबवायला जास्त अंतर मिळाले म्हणून धक्का कमी झाला. टांग्याला कमानी बसवतात आणि बैलगाडीला नसतात; म्हणून टांग्यातून उतरलेला माणूस चालत जातो, आणि खाचरातून उतरलेला आधी कंबर धरतो. शॉकअपची चाल म्हणजे हेच मागे जाणारे अंतर.

विज्ञानाच्या शिक्षकांसाठी एक ढोबळ हिशेब सांगतो, फळ्यावर मांडता येईल असा. समजा सायकलस्वार अर्धा मीटर, म्हणजे पन्नास सेंटिमीटर उंचीच्या बांधावरून खाली आला. ज्या अंतरात तो थांबतो त्या अंतराने उंचीला भागा आणि त्यात एक मिळवा. सरासरी धक्का त्याच्या वजनाच्या तितके पट. दहा सेंटिमीटरमध्ये थांबला तर पन्नास भागिले दहा पाच, अधिक एक, म्हणजे सहापट. वीस सेंटिमीटरमध्ये थांबला तर साडेतीनपट. हे ऐकून कुणीही म्हणेल, मग वीसच घ्या की! दुकानदाराचे बोलणे इथेच पटते.

पण या हिशेबात आपण एका गोष्टीला विसरलो. सायकलवर पोते ठेवलेले नाही, माणूस आहे. त्याला गुडघे आहेत, कोपरे आहेत. पायडलवर उभा राहून गुडघे आणि कोपरे सैल सोडले तर माणसाचे शरीर सहज तीस सेंटिमीटर खाली झेपावते. म्हणजे निसर्गाने दिलेला शॉकअप तीस सेंटिमीटर चालीचा आहे आणि तो फुकट आहे! आता पुन्हा भागाकार करा. चिमटा साधा, चाल शून्य. नुसत्या हातापायांचे तीस. धक्का सुमारे पावणेतीनपट. दहा सेंटिमीटरचा शॉकअप जोडला, एकूण चाळीस झाले, धक्का सव्वादोनपट. वीस सेंटिमीटरचा जोडला, एकूण पन्नास, धक्का दुप्पट. पाहिलेत ना? पहिल्या दहा सेंटिमीटरांनी धक्क्यातला काही भाग कमी केला, पुढच्या दहांनी त्याहून बराच कमी फरक पाडला. चाल वाढत जाते तसा तिचा फायदा आटत जातो. खर्च आणि वजन मात्र आटत नाहीत.

हातापायांचा उपयोग करायचा तर सीटवरून किंचित उठावे लागते. जो पोत्यासारखा सीटवर बसून राहतो त्याला हा हिशेब लागू नाही. त्याचा धक्का सरळ मणक्यात जातो. म्हणून मुलांना सायकल शिकवताना खड्ड्यापाशी दोन्ही पायडल आडवे धरून थोडे उठायला जरूर शिकवा. याला एक पैसा लागत नाही.

डोंगरी सायकलीचा जन्मच मुळी शॉकअपशिवाय झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला मरीन नावाचा जिल्हा आहे. तिथल्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलल्या आणि १९७६ साली डोंगरावरच्या एका मातीच्या वाटेवर शर्यती सुरू केल्या. वाट सुमारे दोन मैलांची आणि उतार तेराशे फुटांच्या घरातला. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे. उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि दर खेपेनंतर हब पुन्हा भरावा लागे. म्हणून त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’ पडले. गॅरी फिशर याने ती वाट साडेचार मिनिटांच्या आत उतरल्याची नोंद आहे. चाल? शून्य. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ याने या कामासाठी मुद्दाम नवी सायकल बांधली; तिचाही चिमटा साधाच होता. तेलाचा आणि हवेचा शॉकअप असलेला चिमटा बाजारात आला तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. रॉकशॉक्स हे त्याचे नाव आणि पॉल टर्नर हा त्याचा कर्ता. त्याची चाल किती असावी? जेमतेम पाच सेंटिमीटर, अडीच बोटे. आणि १९९० साली अमेरिकेतील दुरँगो गावी पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा उतारावरची शर्यत ग्रेग हर्बोल्ड याने अशाच चिमट्यावर जिंकली. जगज्जेत्याला अडीच बोटे पुरली, बरं का!

अर्थात पुढे वाटा अवघड केल्या गेल्या, वेग वाढले, आणि वीतभर चालीच्या सायकली आल्या. ज्यांना कड्यावरून उडी घ्यायची आहे त्यांनी त्या घ्याव्यात. आपल्याला शाळेत जायचे आहे.

मग आपल्या रस्त्याचे काय? रस्त्याकडे मोजमापाच्या नजरेने पाहायला हवे. खड्डा पाहून माणूस घाबरतो तो त्याच्या खोलीला. पण चाक किती खाली जाईल हे बरेचसे खड्ड्याच्या रुंदीवर अवलंबून असते. सव्वीस इंची चाकाची त्रिज्या टायर धरून सुमारे तेहतीस सेंटिमीटर. वीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ वीतभर रुंदीचा खड्डा आहे असे धरा. खोली हवी तितकी असू द्या. चाक दोन्ही काठांना टेकते आणि त्याचा तळ आत डोकावतो. तेहतीसचा वर्ग एक हजार एकोणनव्वद. त्यातून दहाचा वर्ग शंभर वजा केला. उरलेल्याचे वर्गमूळ सुमारे साडेएकतीस. तेव्हा चाक आत गेले फक्त दीड सेंटिमीटर. पायथागोरसचा सिद्धांत नववीच्या मुलांना इतक्या जवळचा क्वचितच वाटला असेल. खड्डा तीस सेंटिमीटर रुंद असेल तर चाक साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास खाली जाते, चाळीस असेल तर पावणेसात. आणि चाळीस सेंटिमीटरचा खड्डा दिवसाउजेडी दिसतो. शहाणा मुलगा तो चुकवतो.

दगडाचे तसे नाही. वाटेवर घट्ट रुतलेला पाच सेंटिमीटर उंचीचा दगड चाकाला पाच सेंटिमीटर वर ढकलतोच. मात्र त्यातला काही भाग टायर आपल्या पोटात घेतो. ही दुसरी फुकटची चाल, आणि तिचा मान पहिला आहे. १८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसवली, ती खडबडीत रस्त्यावर मुलाला धक्के बसू नयेत म्हणून. आज आपण दोन इंच रुंदीचे टायर घेतो आणि पंक्चरवाला त्यात हवा भरतो ती अंगठ्याने दाबून दगडासारखी लागेपर्यंत! मग शॉकअपचे पैसे कशाला मोजले? टायरच्या अंगावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलाने खालच्या आकड्याजवळ हवा ठेवावी. रिम दगडावर आपटेल इतकी कमी नको आणि कॅरिअरवर पोते किंवा धाकटी बहीण असेल तर मागच्या चाकात थोडी जास्त. खडीच्या रस्त्यावर अंगाला जी बारीक थरथर लागते ती चांगल्या टायरने निम्मीअधिक जाते. स्वस्त शॉकअपला ती थरथर कळतसुद्धा नाही, कारण त्याच्या नळ्या जागच्या जागी अडकलेल्या असतात.

स्वस्त आणि चांगला या दोन शॉकअपमधला फरक इथेच सांगून टाकतो. चांगल्या शॉकअपमध्ये स्प्रिंग किंवा दाबलेली हवा असते आणि शिवाय तेल असते. तेल बारीक भोकातून सरकते, त्यामुळे दबलेला चिमटा सावकाश परत येतो. स्वस्तात नुसती स्प्रिंग असते, कधी रबराचा गट्टू. ती दबते आणि चेंडूसारखी उसळते. म्हणजे खड्ड्याने दिलेला धक्का काही क्षण उधार ठेवून ती परत आपल्यालाच देते. दुकानात पाहायची रीत सोपी आहे. पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडलवर अंगाचा भार टाकून चिमटा दाबा आणि एकदम सोडा. हँडल हाताला ठोसा दिल्यासारखे वर आले तर आत तेल नाही असे समजा. चिमटा डावी-उजवीकडे खिळखिळ हलत असेल तर नवी असूनही ती सायकल घेऊ नका.

वजनाचीही गोष्ट आहे. स्प्रिंगचा स्वस्त चिमटा अडीच किलोच्या घरात जातो. साधा लोखंडी चिमटा किलोच्या आसपास. मागेही स्प्रिंग असली तर आणखी लोखंड, आणखी सांधे. चढावर पायडल मारताना मागची स्प्रिंग दर पावलाला खाली-वर होते आणि मुलाच्या पायातली ताकद रस्त्याला जाण्याऐवजी तिच्यात मुरते. सांधे ढिले झाले की चाक सरळ चालत नाही. आणि अशा सायकलींना मजबूत कॅरिअर नीट बसत नाही. दप्तर, डबा, येताना किराणा, कधी दुधाची किटली हे सगळे कुठे बांधायचे? माझे मत विचाराल तर शाळेच्या सायकलला मागचा शॉकअप अजिबात नको. या बाबतीत मी दुकानदाराशी भांडायला तयार आहे.

देखभालीचे पाहा. चांगले चिमटे बनवणारे सांगतात की दर पन्नास तासांच्या दौडीनंतर खालच्या नळ्या उघडून साफ कराव्यात आणि आतले तेल बदलावे. रोज जाऊन-येऊन एक तास सायकल चालवणाऱ्या मुलाचे पन्नास तास दोन महिन्यांत भरतात. मळ्यातल्या वाटेची धूळ, श्रावणातला चिखल, गोठ्यातला ओलावा हे सोसून त्या चकचकीत नळ्यांना गंज चढतो आणि एके दिवशी चिमटा आखडतो. गावातला मिस्त्री चाकाचा आऊट काढील, चेन जोडील, ब्रेक बसवील. पण शॉकअपची रबरी वायसरे त्याच्याकडे कुठून असणार? साधा चिमटा वाकला तरी तो सरळ करतो.

मग शॉकअप घेऊच नये का? तसेही मी म्हणत नाही. वाट खरोखर दगडगोट्यांची असेल, ओढा ओलांडावा लागत असेल, मुलाचे मनगट दुखत असेल, आणि खिशात चांगल्या, तेलाच्या चिमट्याइतके पैसे असतील तर आठ ते दहा सेंटिमीटर चालीचा पुढचा शॉकअप उपयोगाचा आहे. त्याला वरून बंद करायची कळ असली तर उत्तम. डांबरी रस्त्यावर आणि चढावर ती बंद करता येते. कॉलेजातली जी मुले सुटीत सह्याद्रीतल्या पाऊलवाटांवर हौसेने सायकली घेऊन जातात त्यांना बारा-तेरा सेंटिमीटर पुरतात. त्यांनी मागचाही शॉकअप घ्यावा, कारण तिथे ओझे न्यायचे नसते आणि वाट एका दमाची नसते. त्यापुढच्या चालीला आपल्याकडच्या वाटांवर काम क्वचितच मिळते. पैसे जर साध्या आणि स्वस्त शॉकअपच्या सायकलींमध्येच निवड करण्याइतके असतील, तर साधा चिमटा, दोन इंची चांगले टायर, पक्का ब्रेक, चिखलझाप आणि कॅरिअर घ्या. मुलगा दोन दिवस रुसेल. त्याला रीपॅकची गोष्ट सांगा.

आणि ज्यांच्या घरी शॉकअपची सायकल आधीच आलेली आहे त्यांनी काय करावे? तिची चाल वाया जाते की कमी पडते हे दोऱ्याच्या एका तुकड्याने कळते. पुढच्या चिमट्याच्या वरच्या चकचकीत नळीवर, जिथे ती खालच्या जाड नळीत शिरते अगदी तिथे, एक दोरा किंवा रबरबँड घट्टसा गुंडाळा. मुलाला सीटवर अलगद बसवा, पाय टेकू न देता कुणीतरी सायकल धरा, आणि त्याला अलगद उतरवा. दोरा जितका वर सरकला तितका चिमटा नुसत्या वजनाने दबला. एकूण चालीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतका तो सरकायला हवा; म्हणजे दहा सेंटिमीटर चाल असेल तर दोन-अडीच सेंटिमीटर. अजिबात सरकला नाही तर स्प्रिंग मुलाच्या वजनाला फार ताठ आहे. ती सायकल मोठ्या माणसाच्या मापाची आहे, आणि मूल नुसतेच लोखंड वाहते आहे. काही चिमट्यांवर स्प्रिंग सैल करायची गोल टोपी असते, ती फिरवून पाहा. निम्म्याहून जास्त सरकला तर स्प्रिंग फार मऊ. असा चिमटा पहिल्याच खड्ड्यात तळाला आपटणार.

मग दोरा पुन्हा खाली आणून मुलाला आठवडाभर रोजच्या वाटेने शाळेत जाऊ द्या. शनिवारी दुपारी पट्टी घेऊन मोजा. दोरा पाच सेंटिमीटरपलीकडे गेलाच नाही, तर तुमच्या वाटेला पाच सेंटिमीटरच चाल लागते. वर जी आहे ती तुम्ही विकत घेतलेली, पण न वापरलेली. रोज अगदी टोकाला जात असेल तर आधी मुलगा खड्ड्यावरून बसल्या बसल्याच जातो का ते पाहा, टायरमधली हवा पाहा, मग स्प्रिंग, आणि हे सगळे ठीक असूनही दोरा टोकालाच जात असेल तर जास्त चालीचा विचार करा. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात करता येईल. एकाच वाटेने येणाऱ्या चार मुलांच्या सायकलींना दोरे बांधा, प्रत्येकाचे वजन आणि दोऱ्याची सरक फळ्यावर मांडा, आणि कोणाचा दोरा का जास्त सरकला हे मुलांनाच शोधू द्या. दोरे बांधण्यापूर्वी तेवढी धूळ मात्र कोरड्या फडक्याने पुसून घ्या.